इस्त्री आणि घरातील छोटी विद्युत उपकरणे : आग लागू नये म्हणून काय करावे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, नाशिक, नागपूर, मुंबई अशा शहरांत भाड्याच्या खोलीत राहायला आलेल्या, किंवा लग्नानंतर प्रथमच स्वतंत्र बिऱ्हाड थाटलेल्या माणसाच्या सामानात पहिल्या महिन्याभरातच इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, मिक्सर आणि एक्स्टेंशन बोर्ड या वस्तू येतात. आईवडिलांच्या घरी या उपकरणांवर कोणाचे ना कोणाचे लक्ष असे. कोणते बटण बंद करायचे, कोणत्या प्लगमध्ये काय लावायचे नाही, हे घरातील एखाद्या माणसाला ठाऊक असे आणि बाकीचे त्याच्या भरवशावर राहत. वेगळे राहायला लागल्यावर ती जबाबदारी आपली होते आणि ती कशी पार पाडायची हे सहसा कोणी बसवून शिकवत नाही. हा लेख अशा वाचकांसाठी लिहिला आहे.

एमसीबीला काय कळते आणि काय कळत नाही

सुरुवात एका समजुतीपासून केली पाहिजे, कारण पुढची सगळी बेफिकिरी तिच्यातून येते. घरात एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डात असलेला, प्रवाह वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, बसवलेला आहे, काही बिघडले तर तो आपोआप पडेल, असे बहुतेकांना वाटते. एमसीबी अत्यंत उपयोगी वस्तू आहे. परंतु त्याचे काम भिंतीतील वायर जळण्यापासून वाचवणे हे आहे आणि त्यासाठी तो फक्त एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे वायरमधून ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह जातो आहे की काय. १००० वॅटची साधी इस्त्री आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. ती टेबलावर उभी असली तरी तेवढाच घेते आणि गादीवर पालथी पडून कापूस करपवत असली तरी तेवढाच घेते. एमसीबीच्या दृष्टीने या दोन प्रसंगांत काहीही फरक नाही, त्यामुळे गादी पेटेपर्यंत तो स्वस्थ राहील. आरसीसीबी नावाचे दुसरे उपकरण फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला आणि न्यूट्रलमधून (वीज परत नेणाऱ्या तारेतून) परत आलेला प्रवाह यांत तफावत पडली की वीज तोडते. घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पडतो आणि विजेच्या धक्क्यापासून जीव वाचवण्यासाठी तो प्रत्येक घरात असावा, असे मी आग्रहाने सांगेन. पण गादीवर विसरलेल्या इस्त्रीत अशी गळती नसते, म्हणून तिथे त्याचाही उपयोग होत नाही.

जास्त प्रवाहाच्या बाबतीतही एमसीबी आपल्याला वाटतो तितका तत्पर नसतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ चे १७ झाले की लगेच पडेल, ही अपेक्षा चुकीची आहे. मानकानुसार १.१३ पट प्रवाहावर त्याने तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर प्रवाहावर त्याने तासाच्या आत पडले पाहिजे. मधल्या काळात वायर तापत असते.

आगीची दुसरी सुरुवात एमसीबीला आणखीच अदृश्य असते. प्लगची पिन सॉकेटमध्ये ढिली बसली, किंवा बोर्डाच्या आत वायरीचा स्क्रू सैल झाला, की त्या जागी रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. समजा, तो अवघा अर्धा ओहम आहे. ४.३ अँपिअरचा प्रवाह त्या जागेतून जाताना सुमारे ९ वॅट उष्णता तयार होते. तिथेच २००० वॅटची वाफेची इस्त्री लावली तर प्रवाह दुप्पट होतो, उष्णता मात्र चौपट होऊन ३७ वॅटच्या पुढे जाते. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात ती साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले की प्लास्टिकच्या सॉकेटच्या पोटात नखाएवढ्या जागेत ३७ वॅट म्हणजे काय हे समजते. तापल्यामुळे तांब्या-पितळेवर काजळी धरते, काजळीमुळे रोध आणखी वाढतो आणि त्यामुळे ती जागा आणखी तापते. या सगळ्या काळात एकूण प्रवाह नेहमीइतकाच असतो. म्हणजे गरम पृष्ठभागाला कापड लागणे आणि ढिला सांधा तापणे या दोन्ही प्रकारांत पहारा देण्याचे काम यंत्राकडे नसून घरात राहणाऱ्या माणसाकडे असते.

पहिल्या दिवशी : खोलीतील सॉकेट तपासणे

नव्या खोलीत सामान लावण्याआधी मेन स्विच कुठे आहे ते पाहा आणि तो एकदा स्वतःच्या हाताने बंद करून चालू करा. अंधारात तिथपर्यंत पोहोचता येते का, समोर कपाट किंवा गॅस सिलिंडर आहे का, हेही पाहून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अजूनही चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आढळतात. त्यांत बारीक फ्यूजतारेच्या जागी वायरीचे तांब्याचे जाड पदर गुंडाळलेले दिसले, तर त्या फ्यूजचा उपयोग संपलेला आहे असे समजा. तो बदलेपर्यंत तिथे इस्त्री लावू नका.

त्यानंतर एकेक सॉकेट पाहा. आपल्याकडे घरांत दोन मापांची सॉकेट असतात : लहान ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे, ज्याला बोलताना 'पॉवर प्लग' म्हणतात. ६ अँपिअरच्या सॉकेटवर जास्तीत जास्त १३८० वॅटचे उपकरण चालते. साधी इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, चार्जर यांना ते पुरते. १५०० वॅटचा रॉड, १५०० वॅटची किटली, वाफेच्या मोठ्या इस्त्र्या, रूम हीटर, इंडक्शन शेगडी आणि गिझर यांना पुरत नाही. बाजारात मोठ्या पिनेचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पिन बसली म्हणून भार पेलला जात नाही. हे कन्व्हर्टर मोठ्या उपकरणासाठी कधीही वापरू नयेत. याउलट, दोन्ही मापांच्या पिना घेणाऱ्या सॉकेटमध्ये लहान पिन पुष्कळदा सैल बसते. प्लग लावून हलकेच हलवा. तो डुगडुगत असेल, चरचर आवाज येत असेल किंवा दिवा मिणमिणत असेल, तर ते सॉकेट उष्णतेच्या उपकरणांसाठी बाद.

सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट किंवा तपकिरी डाग, वितळल्याने वाकडी झालेली कड, किंवा जवळ नाक नेले असता जळक्या प्लास्टिकचा वास यांतील एक जरी खूण दिसली, तरी आत काहीतरी तापून गेलेले आहे. भाडेकरूने अशा वेळी फोटो काढून घरमालकाला लेखी कळवावे आणि परवानाधारक वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावे. साधे सॉकेट काही फार महाग नसते. घरमालकाने टाळाटाळ केली तर स्वतःच्या खर्चाने बदलून घेणे मी योग्य समजतो, कारण रात्री त्या खोलीत आपणच झोपणार असतो.

सॉकेटच्या भोकांत वायरीची उघडी टोके खुपसून त्यांत काडेपेटीची काडी खोचण्याची पद्धत वसतिगृहांत आणि कामगारांच्या खोल्यांत अजून दिसते. तिथे सांधा ढिला असतो, अर्थिंग नसते आणि पेटायला लाकूड आपण स्वतःच पुरवलेले असते.

खरेदी करताना

इस्त्रीवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने बंधनकारक आहे. चिन्हाच्या वरच्या बाजूला भारतीय मानकाचा क्रमांक असतो, तो इस्त्रीसाठी आयएस ३६६, पाण्याच्या रॉडसाठी आयएस ३६८ आणि साठवणीच्या गिझरसाठी आयएस २०८२ असा आहे. चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे की नाही हे तिथल्या तिथे समजते. दुकानात उभे राहून ही तपासणी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

जुनी इस्त्री घेत असाल, किंवा जाणाऱ्या रूममेटने ठेवून गेलेली वापरणार असाल, तर एक चौकशी अवश्य करा : ती कधी दुरुस्त केली होती का? इस्त्रीच्या पोटात ठरवलेले तापमान राखणारा थर्मोस्टॅट असतो आणि तो निकामी झाला तर शेवटचा उपाय म्हणून, फार तापल्यावर उडून वीज तोडणारा एक थर्मल फ्यूज असतो. हा फ्यूज एकदा उडाला की बदलावाच लागतो. काही दुरुस्ती करणारे तो काढून टाकून सरळ वायर जोडतात. इस्त्री पुन्हा तापू लागते आणि ग्राहक समाधानाने घरी जातो. अशा इस्त्रीत तापमानाला लगाम घालणारे थर्मोस्टॅटखेरीज काहीही उरलेले नसते.

इस्त्री करताना

इस्त्रीसाठी टेबल ठरवा. जागा नसेल तर जमिनीवर फरशीवर जाड सुती चादर दुमडून त्यावर करा. पलंगावर करू नका. आपल्या घरांत पलंगावर इस्त्री करण्याची सवय इतकी रुळलेली आहे की तिच्यात धोका आहे असे कोणाला वाटतही नाही. गादी मऊ असल्याने त्यावर उभी केलेली इस्त्री कलंडते, कलंडलेली इस्त्री गादीत रुतते आणि तिच्याखालची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. कापसाची गादी लगेच ज्वाळा धरत नाही. ती आधी करपते, मग आतल्या आत धुमसते, आणि हे धुमसणे तासन् तास चालू शकते. फोमची गादी पेटली की भराभर जळते आणि तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात, त्यामुळे बंद खोलीतील माणूस ज्वाळा अंगापर्यंत पोहोचण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो.

कपडे सुरू करण्यापूर्वी त्यांची वर्गवारी करा. इस्त्रीच्या चकतीवर आणि कपड्याच्या पट्टीवर टिंबे असतात : एक टिंब सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन टिंबे १५० आणि तीन टिंबे २०० अंश. नायलॉन व तत्सम कपडे आधी, पॉलिएस्टरमिश्रित आणि लोकरीचे मग, सुती शेवटी, असा क्रम ठेवावा. इस्त्री लवकर तापते पण सावकाश निवते. उलट क्रमाने गेल्यास सुती शर्टानंतर नायलॉनची ओढणी येते, ती तळाला चिकटते, आपण गडबडून इस्त्री कुठेतरी टेकवतो आणि अपघात नेमके अशा गडबडीत होतात.

इस्त्रीवरील छोटा दिवा विझला म्हणजे इस्त्री बंद झाली, असा नवख्या माणसाचा समज होतो. तसे नाही. ठरवलेले तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट वीज तोडतो, तेव्हा दिवा विझतो. इस्त्री थोडी निवली की तो पुन्हा लागतो. दिवा विझलेला असताना इस्त्री सर्वांत गरम असते. याच दिव्यावरून इस्त्रीची प्रकृतीही कळते. वापर सुरू करून पाच-सात मिनिटे झाली, चकती कमी तापमानावर आहे, तरीही दिवा एकदाही विझत नसेल आणि कापड पिवळे पडत असेल, तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटलेले असण्याची शक्यता आहे. बटण बंद करून प्लग काढा आणि दुरुस्तीपूर्वी ती इस्त्री पुन्हा वापरू नका.

वायरीकडे पाहण्याची सवय लावा. इस्त्रीची वायर सर्वांत आधी मुठीजवळ, जिथे ती सतत वाकते, तिथे तुटते. बाहेरून सुती वेष्टण शाबूत दिसते आणि आत तांब्याचे काही पदर तुटलेले असतात. उरलेल्या मोजक्या पदरांतून सगळा प्रवाह जातो आणि ती जागा तापते. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच इस्त्री चालते, हे ऐकले की मला काळजी वाटते, कारण ते सांगणारा माणूस बहुधा कौतुकाने सांगत असतो. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. पूर्ण वायर बदलावी, आणि इस्त्रीसाठी उष्णता सोसणारी वेष्टणाची वायर मागावी. साधी प्लास्टिकची वायर गरम तळाला लागली की वितळते.

अत्तर, सॅनिटायझर किंवा डाग काढण्यासाठी पेट्रोल वा थिनर लावलेल्या कपड्यावर, तो पूर्ण वाळेपर्यंत, इस्त्री फिरवू नये. पावसाळ्यात अर्धवट ओले कपडे इस्त्रीने वाळवण्याचा मोह होतो, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जिथे जुलै महिन्यात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. दमट कपड्यावर इस्त्री करणे चालते. मात्र इस्त्री एका जागी दाबून ठेवणे, किंवा मोजे आणि आतले कपडे गरम इस्त्रीवर पसरून ठेवून दुसऱ्या कामाला जाणे हे कधीही करू नये.

इस्त्री चालू असताना दाराची बेल वाजली, फोन आला, कुकरची शिट्टी झाली, तर उठण्याआधी बटण बंद करायचे. दोन मिनिटांचेच काम आहे, असे म्हणून नव्हे; किती मिनिटांचे आहे याचा विचारच न करता. काही नव्या इस्त्र्या हालचाल थांबली की आपोआप बंद होतात. ही सोय असेल तर चांगलेच आहे, पण तिच्या भरवशावर बटणाची सवय सोडू नये.

काम झाल्यावर आधी बटण बंद करा, मग प्लगच्या डोक्याला धरून तो ओढा, वायरीला धरून ओढू नका. इस्त्री टाचेवर उभी करून, मुलांच्या हाताला लागणार नाही आणि वायर लोंबणार नाही अशा जागी अर्धा तास निवू द्या. वाफेची इस्त्री असेल तर उरलेले पाणी ओतून टाका. पूर्ण गार झाल्यावर वायर सैल गुंडाळून कपाटात ठेवा.

लाईट गेल्यावर

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहीत आहे, कारण आपल्याकडच्या इस्त्रीच्या आगींची गोष्ट पुष्कळदा इथे सुरू होते. तालुक्याच्या गावी, भारनियमनाच्या काळात, आमच्या घरी असेच घडले. इस्त्री करता करता लाईट गेली, इस्त्री दिवाणावरच्या गादीवर तशीच राहिली आणि उरलेले कपडे चुरगळलेलेच घालून आम्ही सगळे लग्नाला निघून गेलो. वीज नसल्यामुळे इस्त्री बंदच आहे, असे प्रत्येकाला वाटत होते आणि त्या क्षणी ते खरेही होते. तासाभराने वीज आली. शेजारच्या काकूंना खिडकीतून धूर दिसला, त्यांनी ओट्यावरच्या मीटरपेटीतील मेन स्विच पाडला आणि कडी तोडून माणसे आत शिरली. गादीला हातभर भोक पडले होते. तिच्यावर घागरभर पाणी ओतून ती ओट्यावर ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यातून पुन्हा धूर येऊ लागला होता. कापसात वरवर ओतलेले पाणी आतपर्यंत झिरपत नाही, हे आम्हाला त्या दिवशी समजले. धुमसलेली गादी घराबाहेर मोकळ्या जागी नेऊन, उसवून, कापूस पसरून पूर्ण भिजवावी लागते.

म्हणून नियम असा ठेवावा : लाईट गेली की हातात असलेल्या उपकरणाचे बटण बंद करून प्लग काढायचा, आणि मगच मेणबत्ती शोधायला उठायचे. ज्या उपकरणाचे काम तापवणे हे आहे, म्हणजे इस्त्री, रॉड, गिझर, हीटर, किटली, टोस्टर, त्या प्रत्येकाला हा नियम लावावा. घरातून बाहेर पडताना वीज नसेल तर सगळी बटणे पुन्हा पाहावीत, कारण अंधारात कोणते बटण वर आहे आणि कोणते खाली हे दिव्यावरून कळत नाही.

वीज परत येताना क्वचित दुसरा एक प्रकार घडतो. खांबावरचा किंवा इमारतीच्या मीटरखोलीतील न्यूट्रल तुटला, तर घरात २३० ऐवजी कितीतरी जास्त, वाईटात वाईट स्थितीत ४०० व्होल्टच्या आसपास, दाब येऊ शकतो. दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले, पंखा भलत्याच वेगाने फिरू लागला, तर काय झाले याचा विचार नंतर करावा. आधी मेन स्विच बंद करावा आणि मग वीज कंपनीला कळवावे. महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

पाण्याचा रॉड, मिक्सर आणि इतर

रॉडने पाणी तापवताना पाणी रॉडवरील खुणेच्या वर असले पाहिजे आणि बादली धातूची नसावी, हे सर्वांना सांगितले जाते. धातूच्या बादलीत विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. प्लास्टिकच्या बादलीत आगीचा असतो, आणि त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. रॉड बादलीच्या कडेला टेकला तर तेवढे प्लास्टिक मऊ होऊन भोक पडते, पाणी वाहून जाते, उघडा पडलेला रॉड काही क्षणांत लाल होतो आणि उरलेली बादली पेटते. रॉड आडव्या लाकडी पट्टीला अडकवून बादलीच्या मधोमध सोडावा, आधी रॉड पाण्यात आणि मग बटण, बंद करताना आधी बटण आणि मग रॉड बाहेर, असा क्रम पाळावा, आणि पाणी तापेपर्यंत झोपू नये. पहाटेच्या पाळीला जाणारी मुले रॉड लावून पुन्हा अंथरुणावर पडतात. त्यांनी निदान मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावावा.

मिक्सरच्या तळाशी असलेल्या पाटीवर तो सलग किती वेळ चालवायचा हे छापलेले असते. डोशाचे पीठ किंवा ओल्या खोबऱ्याचे वाटण करताना भांडे गच्च भरले की मोटार अडते, प्रवाह वाढतो आणि तारेवरचे वॉर्निश तापल्याचा उग्र वास येतो. वास आला की थांबावे. तळाशी असलेले लाल बटण अशा वेळी सुटून बाहेर येते. मोटार गार होऊ देऊन आणि भांड्यातील माल कमी करूनच ते पुन्हा दाबावे. टोस्टरच्या तळाशी साचलेला पावाचा चुरा दर आठवड्याला झटकावा. रूम हीटरपासून पडदा, अंथरूण आणि कपडे निदान तीन फूट लांब असावेत, आणि हीटर नेहमी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावावा.

एक्स्टेंशन बोर्डावर चार सॉकेट असली तरी त्या सगळ्यांचा भार एकाच वायरीतून जातो. इस्त्री आणि किटली एकाच बोर्डावर चालू केली तर अडीच हजार वॅट, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर प्रवाह कदाचित ६ अँपिअरसाठी बनवलेल्या वायरीतून धावतो. बोर्डाची वायर गुंडाळलेली असेल किंवा सतरंजीखालून नेलेली असेल, तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. उष्णतेची उपकरणे भिंतीवर, मोबाइल आणि लॅपटॉप बोर्डावर, अशी साधी विभागणी करून ठेवावी. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नये; फुगलेली बॅटरी दिसली तर ती त्याच दिवशी घराबाहेर न्यावी.

गणपतीत आणि दिवाळीत घरात तात्पुरत्या वायरी येतात. मखरातील कापड, कागद आणि सुकलेले हार यांच्या जवळ तापणारे हॅलोजनचे फोकस लावू नयेत, त्याऐवजी एलईडी वापरावेत. झोपताना माळा आणि आकाशकंदील बंद करावा.

आग लागलीच तर

उपकरणातून धूर येत असेल आणि बटणापर्यंत हात सुरक्षितपणे पोहोचत असेल, तर बटण बंद करा. पोहोचत नसेल तर मेन स्विच पाडा. वीज चालू असताना पाणी टाकू नये, कारण पाण्यातून प्रवाह आपल्यापर्यंत येऊ शकतो. वीज नक्की बंद झाल्यावर, आणि आग बादलीपेक्षा मोठी नसेल तरच, ओल्या गोणपाटाने किंवा जाड सुती चादरीने ती दाबता येते. घरात एबीसी पावडरचे छोटे अग्निशामक नळकांडे असेल तर पिन ओढावी, नळी ज्वाळेच्या मुळाशी रोखावी आणि डावीकडून उजवीकडे फिरवावी. ते भिंतीवर अडकवलेले असावे, आणि त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे.

गादी, पडदा किंवा कपाट पेटले असेल तर विझवण्याच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेर पडताना त्या खोलीचे दार ओढून घ्या म्हणजे धूर आणि हवा दोन्ही अडतील, धुरातून जावे लागले तर जमिनीलगत वाका, आणि लिफ्ट वापरू नका. अग्निशमन दलासाठी १०१ किंवा ११२ वर फोन करा. पत्ता सांगताना इमारतीचे नाव, मजला आणि जवळची ठळक खूण सांगा. शहरांतील बहुतेक खिडक्यांना लोखंडी ग्रिल असते. त्यात उघडणारे दार असेल तर त्याची किल्ली ग्रिलजवळच खिळ्याला लटकलेली असावी, कपाटाच्या खणात नव्हे.

कोणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला पळू देऊ नका. जमिनीवर आडवे करून लोळवा किंवा घोंगडीने, सतरंजीने झाका. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नका, कातडीला चिकटलेले कापड ओढू नका आणि रुग्णाला दवाखान्यात न्या.

आग किंवा धूर निघालेले उपकरण पुन्हा लावून पाहू नये, ज्या सॉकेटवर ते चालू होते ते वायरमनने उघडून पाहिल्याशिवाय वापरू नये, आणि ते उपकरण भंगारात देण्यापूर्वी त्याची वायर मुठीपाशी कापून टाकावी, म्हणजे दुसरे कोणी ते घरी नेऊन पुन्हा चालू करणार नाही.